उलटं फिरणारं भिंग

नाट्यगृहात तिला नावाने कुणी ओळखत नसे. "तिसरी रांग आली का?" एवढं विचारलं की पडदा ओढणाऱ्यापासून चहा देणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. अठ्ठावीस वर्षं ती प्रत्येक नाटकाच्या रंगीत तालमीला तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत बसून फोटो काढत आली होती. तिथून रंगमंच ना फार जवळ, ना फार लांब. खुर्च्यांमधल्या वाटेला लागून खुर्ची असल्याने उजव्या कोपराला मोकळी जागा मिळे. तिने काढलेले काळेपांढरे फोटो बाहेरच्या काचेच्या चौकटीत लागत आणि तिकिटासाठी ताटकळणारी माणसं ते बघत उभी राहत. फोटो कुणी काढले, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नसे आणि तिला ते बरंच वाटे.

घरात कॅमेरे दोन. दोन्ही रीळ घालायचे, दोन्ही त्या काळातले जेव्हा फोटोग्राफर गळ्यात वीट बांधल्यासारखे वाकून चालत. एक तिचा, तो थोरला. संपूर्ण यांत्रिक, बॅटरी संपली तरी ज्याचं काही अडत नाही असा. दुसरा तिच्या नवऱ्याचा. तो दहा वर्षांनंतर बाजारात आलेला, म्हणून धाकटा. नवरा वर्तमानपत्रात होता. सामने, मोर्चे, पूर, उद्घाटनं, सगळं त्याने धाकट्यातून पाहिलं होतं. दोन कॅमेरे दोन वेगळ्या कंपन्यांचे, आणि त्या कंपन्यांचं एकमेकींशी हाडवैर. पस्तीस वर्षं एका छताखाली संसार झाला, पण याचं भिंग त्याला बसेना, त्याचं याला. एवढंच असतं तरी चाललं असतं. तिच्या भिंगाची कडी जवळचं नीट दिसावं म्हणून ज्या बाजूला फिरवायची, त्याच्या भिंगाची नेमकी त्याच्या विरुद्ध.

"तुझं उलटं फिरतं," तो म्हणायचा.

"माझं सरळ आहे. तू आरशातून जन्माला आलायस."

चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणे आणि डार्करूममध्ये 'अरे'. लाल दिव्याखाली दोघांनी औषधाच्या एकाच ताटलीवर वाकून कागदावर चेहरे उमटताना पाहायचे, तिथे अहोजाहो कसं जमणार? पुढे डार्करूम गेली, न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड आलं, नवरा निवृत्त झाला, त्याचा उजवा हात थरथरायला लागला. धाकटा कपाटात गेला. 'अरे' मात्र हळूहळू सगळ्या घरभर पसरलं.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. पहिली दोन वर्षं तिने कुणाला सांगितलं नाही, कारण खरं तर तिला ते आवडत होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती पिसांचं वर्तुळ दिसे. समोरून येणारी माणसं आधी नुसती चालण्याची लकब म्हणून येत आणि चेहरे नंतर भेटत. अख्खं गाव कुणीतरी श्वास सोडलेल्या काचेमागे ठेवल्यासारखं. शेवटी जिन्याच्या एका पायरीने तिचा हट्ट मोडला. ऑपरेशन झालं. जग धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ झालं, पांढऱ्या भिंती निळसर दिसायला लागल्या, नवऱ्याच्या सुरकुत्या एका रात्रीत दुप्पट झाल्या. पण नजरेत थोडा तिरकेपणा राहिला आणि चष्मा लागला. जन्मात पहिल्यांदा, आणि चांगला जाड.

"चष्मा काढून कॅमेऱ्यात बघितलं तर?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"तर एका माणसाची दोन माणसं दिसतील."

"नाटकात तशीही गर्दी कमीच असते," नवरा म्हणाला. डॉक्टर हसले, ती हसली नाही.

घरी येऊन तिने चष्म्यासकट थोरल्याच्या मागच्या, चित्र बघायच्या खिडकीला डोळा लावला. काच काचेवर आपटली. आत चित्राचा मधला भाग तेवढा दिसत होता. चारही कडा काळ्या वर्तुळात बुडालेल्या. दाराच्या भोकातून घरात डोकावावं तसं. चौकटीत काय आलं आणि काय सुटलं, हे आता कॅमेऱ्याला ठाऊक, तिला नाही.

याच आठवड्यात बाईंचा निरोप आला.

बाई म्हणजे बाईच. त्या नाट्यगृहातली सर्वांत थोर नटी. एका धुणं धुणाऱ्या विधवेच्या नाटकात एकोणीस वर्षं त्या मुख्य काम करत आल्या होत्या. आता गुडघे दमले होते. येत्या शनिवारी दुपारी शेवटचा प्रयोग. त्या नाटकाच्या अखेरीस एक जागा होती. विधवा मुलाचा सदरा पिळून दोरीवर टाकते, पुढे येते, आणि हलकेच हसते. एका श्वासाइतकं. मग उजेड जातो. लोक घरी जाताना नाटक विसरत, पण ते हसू बरोबर नेत.

"माझ्याकडे तोच फोटो नाही गं," बाई म्हणाल्या. रंगपटात आरशासमोर बसून त्या पाय चोळत होत्या. "तुझे एवढे फोटो आहेत घरात, जिना भरलाय. पण ते नाही."

"तुम्ही तालमीत ते करतच नाही, बाई. मी काय काढू?"

"तालमीत येत नाही मला. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून कोण हसेल?"

हे खरं होतं. बाई तालमीत त्या जागी येऊन नुसत्या थांबत आणि 'इथे ते' असं म्हणून पुढे जात. आणि प्रयोगात फोटो काढायला नाट्यगृहाची सक्त मनाई. त्या शांततेत शटरचा आवाज म्हणजे देवघरात भांडं पडल्यासारखा. म्हणून एकोणीस वर्षं ते हसू हजारो लोकांनी पाहिलं आणि कॅमेऱ्याने एकदाही नाही.

"मी व्यवस्थापकांशी भांडलेय," बाई म्हणाल्या. "एकदा. फक्त एकदा दाबायचं. जागेवरून उठायचं नाही, हलायचं नाही. लोक एक आवाज माफ करतील."

"माझे डोळे आता..."

"अगं तिसरी, माझे गुडघे बघ. मी करतेय ना?" मग आरशातच तिच्याकडे बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी ते कधी पाहिलेलं नाही. सगळ्या गावाने पाहिलंय, मी नाही. मला एकदा बघायचंय."

नाही म्हणायला जागाच उरली नाही.

घरी नवऱ्याने कपाट उघडलं आणि धाकटा टेबलावर ठेवला. तिने डोळा लावला. धाकट्याची खिडकी मोठी, चष्मेवाल्यांचा विचार करून केलेली. डोळा बोटभर लांब राहिला तरी चारही कडा दिसत होत्या. टेबलाचे कोपरे, पडद्याची झालर, नवऱ्याच्या चपलेचं टोक, सगळं. एखाद्या बंद खोलीची भिंत कुणीतरी अलगद बाजूला केली, असं तिला वाटलं.

"बोल," नवरा म्हणाला.

"काय बोलू?"

"'तुझा कॅमेरा चांगला आहे' हे वाक्य. पस्तीस वर्षं थांबलोय."

"थांब अजून."

बुधवारच्या रंगीत तालमीला ती धाकटा घेऊन गेली. छत्तीस फोटो काढले. घरी न्हाणीघरात काळोख करून फिल्म औषधाच्या डबीत भरली. डबी सारखी हलवत राहावी लागते, ते काम नवऱ्याने ओढून घेतलं.

"दे इकडे. हात थरथरतोच आहे, तर पोटापाण्याला लावतो."

फिल्म धुऊन दोरीवर टांगली आणि उजेडात धरली. चौकटी सुरेख होत्या. कुणाचा हात कापला नव्हता, कुणाचं डोकं उडालं नव्हतं. पण बाई जिथे उभ्या होत्या तिथे ओल्या कागदावर शाई पसरावी तसा एक आकार होता. मागची धुण्याची दोरी तेवढी धारदार, तिच्यावरचे चिमटेसुद्धा मोजता यावेत इतके. पुढच्या फोटोत तेच. त्याच्या पुढच्यात तेच.

बाई पुढे आल्या की तिच्या हाताने कडी फिरवली होती. तिने नव्हे, हाताने. अठ्ठावीस वर्षं अंधारात जी बाजू गिरवली होती, त्याच बाजूला. धाकट्यात ती बाजू लांबची होती. चूक लक्षात येऊन हात परत फिरेपर्यंत बाई आणखी कुठेतरी गेलेल्या असत. काढणाऱ्या हाताला आपण बरोबर आहोत याची इतकी खात्री होती की डोळ्याने सांगितलेलं त्याने ऐकूनच घेतलं नव्हतं.

"चिमटे छान आलेत," नवरा म्हणाला.

गुरुवारी तिने थोरल्याला दुसरी संधी दिली. खिडकीपाशी नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि कडा मनाने धरून, अंदाजाने, बारा फोटो काढले. फोकस असा की सदऱ्याच्या शिवणीचे टाके दिसावेत. पण बारापैकी नऊ फोटोंत नवरा भुवयांपाशी संपत होता.

"डोकं उडवलंस माझं."

"तसंही पडूनच होतं."

हसून झालं. टेबलावर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. एकाला ती ओळखत होती, पण त्याने तिला चौकट द्यायचं बंद केलं होतं. दुसरा सगळी चौकट देत होता, पण तिच्या हाताशी त्याची ओळख नव्हती. उरले होते दोन दिवस. एवढ्याशा वेळात हात काय नवं शिकणार? आणि थोरला घेतला, तर बाईंचं हसू वर्तुळाबाहेर राहणार की आत, हे तिला फिल्म धुतल्यावरच कळणार. बाईंना एकदाच हसायचं होतं, तिलाही एकदाच दाबायचं होतं.

"दोन्ही ने," नवरा म्हणाला.

"आणि त्या श्वासात एक गळ्यातून काढून दुसरा अडकवू?"

त्याने चहाचा कप समोर ओढला. हात थरथरत असल्यापासून तो कप तोंडाशी नेत नसे. कप टेबलावरच ठेवायचा आणि स्वतः खाली वाकून ओठ कपाला लावायचे, अशी त्याची पद्धत झाली होती. ती हे रोज दोनदा पाहत आली होती. आज मात्र ती टक लावून बघत राहिली. कप जागचा हलला नाही. वाफ त्याच्या चष्म्यावर चढली, उतरली.

"अरे," ती म्हणाली, "चिकटपट्टी कुठे आहे?"

शुक्रवारी सकाळी नाट्यगृह रिकामं होतं. रंगमंचाच्या मध्यभागी, जिथे बाई येऊन थांबत, तिथे खडूची एक छोटी फुली होती. लाइटवाल्याने सुताराची मोजपट्टी धरली, ती तिसऱ्या रांगेत बसली. बावीस फूट आणि वर चार बोटं. धाकट्याचं भिंग तिने त्या अंतरावर आणलं, फुलीवर लाइटवाल्याला उभं करून त्याच्या मिशीवर नीट खातरजमा केली आणि कडीवरून चिकटपट्टीचे तीन वेढे दिले. आता भिंग इकडेही फिरणार नव्हतं आणि तिकडेही.

"बाई फुलीवरच थांबतात ना?" तिने विचारलं.

"एकोणीस वर्षांत चप्पल हलली नाही," लाइटवाला म्हणाला. "पण त्या फुलीच्या एक हात जरी पुढेमागे झाल्या, तर फोटो गेलाच समजा. नाही का?"

"गेलाच."

शनिवारी दुपारी एकही खुर्ची रिकामी नव्हती. लोक भिंतीला टेकून उभे होते. धाकटा मांडीवर घेऊन ती बसली होती आणि तिच्या हाताला आयुष्यात पहिल्यांदाच काही काम नव्हतं. दोन तास तिने नाटक पाहिलं. इतकी वर्षं ती नाटकाचे तुकडे पाहत आली होती, उजेड आणि अंतर आणि कुणाची मान कुठे वळते ते. आज समोर एक बाई धुणं धूत होती आणि तिचा मुलगा परत येणार नव्हता. चष्म्याच्या काचा मधेच धूसर झाल्या तेव्हा तिने त्या पदराने पुसल्या. एवढ्यासाठी फोटो हुकायला नको.

शेवटचा प्रवेश. बाईंनी सदरा पिळला. पाणी बादलीत पडल्याचा आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. सदरा दोरीवर टाकला. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. चारही कडा दिसत होत्या. डावीकडे दोरीचा खांब, उजवीकडे बादली, वर सदऱ्याची बाही, खाली फुली. फुली रिकामी.

बाई चालायला लागल्या. एक पाऊल, दुसरं. मग थांबल्या.

फुली अजून दोन पावलं पुढे होती.

गुडघा असेल, किंवा शेवटचा दिवस असेल. कदाचित त्या सदऱ्यापासून याहून लांब जायला आज त्यांचे पाय तयार नव्हते. खिडकीत सगळं जागच्या जागी होतं आणि मधोमध बाईंचा चेहरा धुरकट. तो वर यायला लागला होता. तिचं बोट चिकटपट्टीवर गेलं. सोडवली, तरी फिरवायचं कुठे? डोळ्याला एक बाजू ठाऊक होती, हाताला दुसरी, आणि दोघांचं भांडण मिटेपर्यंत हा श्वास संपणार होता.

ती उठली.

अठ्ठावीस वर्षांत उजेड असताना ती त्या खुर्चीतून कधी उठली नव्हती. खुर्च्यांमधल्या वाटेवर आली आणि कॅमेरा डोळ्यापासून न हलवता चालली. एक पाऊल. खिडकीतला चेहरा थोडा घट्ट झाला. कुणीतरी 'शू' केलं. दुसरं पाऊल. आता पापण्या वेगळ्या झाल्या, ओठांच्या कडा आल्या, कपाळावरचा ओला केस आला. मागच्यांना आडवं येऊ नये म्हणून ती गुडघ्यावर बसली, आणि पाण्याच्या तळाशी दिसणारं काही वर येऊन पृष्ठभागाला लागावं, तशा बाई पूर्ण स्पष्ट झाल्या.

खटाक्.

पहिल्या रांगेतल्या दोन माना वळल्या. उजेड गेला. काळोखात ती गालिच्यावर तशीच बसून राहिली. टाळ्या सुरू झाल्या, त्या तिला बऱ्याच लांबून ऐकू आल्या.

रविवारी फिल्म धुतली. छत्तीस फोटोंची लांब पट्टी, सगळी पारदर्शक, खिडकीची काच असावी तशी. आणि तिच्यात एकच चौकट भरलेली. नवऱ्याने भिंग डोळ्याला लावून ती पुष्कळ वेळ पाहिली. हात थरथरत होता म्हणून तिने त्याचं मनगट धरलं होतं.

"पापण्या दिसतायत," तो म्हणाला. मग भिंग खाली ठेवून, "कॅमेरा माझाच."

"कॅमेरा तुझा. पण फिरवला नाही कुठल्याच बाजूला."

"म्हणजे वाद अजून आहे."

"आहे ना. तो कुठे जातोय?"

सोमवारी ती फोटो घेऊन बाईंच्या घरी गेली. जिन्यात एकोणीस वर्षांच्या बाई भिंतीवर लागलेल्या होत्या. सगळे तिनेच काढलेले फोटो, एकेका पायरीला एकेक वर्ष. वरच्या खोलीत खऱ्या बाई कोमट पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"ओरडले का तुला?"

"व्यवस्थापक म्हणाले, उठायचं नाही असं ठरलं होतं."

"आणि मी फुलीवर थांबायचं असं ठरलं होतं. होऊ दे. आण इकडे."

बाईंनी ओले हात टॉवेलला पुसले, फोटो दोन्ही हातांनी घेतला आणि उजेडाकडे वळवला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हे त्याच वेळचं आहे ना? आधीचं नाही? नंतरचं?"

"एकच काढलाय, बाई. दुसरा नाहीच."

"अगं, मी हसत नाहीये."

ती उठून त्यांच्या खुर्चीमागे गेली आणि वाकून पाहिलं. निगेटिव्ह पाहिली होती, फोटो छापताना पाहिला होता, पण पाहिला होता तो पापण्यांसाठी, कडांसाठी, केसाच्या रेषेसाठी. आता चेहरा पाहिला. ओठ मिटलेले होते. जरासुद्धा हललेले नव्हते. नुसती मान किंचित वर झाली होती, कुणी नावाने हाक मारल्यावर होते तशी, आणि डोळे समोरच्या अंधारात कुणाला तरी ओळखत होते.

"मला तर वाटायचं मी हसते," बाई म्हणाल्या. "आतून तसंच वाटतं. गालांना सुद्धा."

"मलाही हसूच दिसलं होतं. खिडकीतून. शपथ."

"मग लोकांना एवढी वर्षं काय दिसलं?"

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी फोटो मांडीवर ठेवला, मग पुन्हा उचलला, हात लांब करून पाहिला, जवळ आणून पाहिला. पाय पाण्यात होते, पाणी निवत चाललं होतं. खोलीतला उजेड हळूहळू टेबलावरून त्यांच्या मनगटावर आला.

"बस ना," त्या फोटोवरून नजर न काढता म्हणाल्या. "घाई आहे का तुला?"

"नाही," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.